जागलीला जाणाऱ्यांनी वाचलेलं पक्कं कसं करावं

वाचलेलं महिनोन्‌महिने टिकायचं तर मेंदूच्या पेशींत नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात. ती बनवणारी जनुकं हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएत असतात. शिकताना हिस्टोनवर अ‍ॅसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात, गुंडाळी सैल होते, जनुक कामाला लागतं. एचडीएसी नावाची विकरं ते गट पुन्हा काढतात. जनुकाचा मजकूर मात्र तोच राहतो. हे बहुतांशी उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलंय; तरी तलाठी भरतीच्या तयारीला त्यातून कामाचं मिळतं.

एक धडा 25-30 मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. चुकलं तेवढंच पुन्हा पाहा. हेच दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी. दिवस मागंपुढं झाले तरी चालतं, मध्ये अंतर हवंच. एका बैठकीत दहादा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, अन् पेपरात आठवत नाही.

खरी गोची झोपेची. शिकल्यावर लगेच पाच-सहा तास जागवलेल्या उंदरांची आठवण कच्ची राहते. रानडुकरांमुळं जागलीची पाळी असेल, किंवा ओलितासाठी लाइन रात्रीचीच येत असेल, तर त्या दिवशी नवा धडा उघडू नका. जुन्याचीच उजळणी करा. दुसऱ्या दिवशी दुपारी झोप काढा, नवं त्यानंतरच्या रात्रीआधी घ्या.

विसरणं फारच वाढलं, हातापायांना मुंग्या येतात, तर बी-12 तपासून घ्या. डीएनएवर चढणारे मिथाइल नावाचे तसेच छोटे गट पुरवायला ते लागतं. बुद्धिवर्धक सिरपवर पैसे घालू नका.