अलेक्झांडर स्टीफन्सची युद्धातली चार वर्षं कशी वाचायची

अमेरिकन सिव्हिल वॉर, म्हणजे १८६१ ते १८६५ चं उत्तर आणि दक्षिणेचं युद्ध, त्यातला दक्षिणेतला एखादा पुढारी नीट अभ्यासायचा असेल तर अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा प्रेसिडेंट जेफरसन डेव्हिस याच्यापासून सुरुवात करू नका, त्याचा व्हाइस प्रेसिडेंट अलेक्झांडर स्टीफन्स घ्या. दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्याचा वकील, अंगाने अगदी काटकुळा, कायम आजारी, पण भाषणाला उभा राहिला की सभा ऐकत राहायची.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि प्रत्येक वाक्यापुढे तो ते कधी बोलला ती तारीख लिहा. बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हे कराच, कारण या माणसाच्या बाबतीत सगळा घोळ तारखा न बघितल्यामुळेच होतो.

म्हणजे बघा, १४ नोव्हेंबर १८६० ला जॉर्जियाची तेव्हाची राजधानी मिलेजव्हिलमध्ये तो सांगतोय की लिंकन अमेरिकेचा प्रेसिडेंट म्हणून निवडून आला म्हणून लगेच अमेरिकेतून फुटून निघू नका. जानेवारी १८६१ मध्ये जॉर्जियाच्या अधिवेशनात फुटण्याच्या विरोधात मतही देतो, आणि ठराव २०८ विरुद्ध ८९ ने पास झाल्यावर त्यावर सही पण करतो. ११ फेब्रुवारीला, स्वतःच्या वाढदिवशी, दक्षिणेच्या नव्या सरकारचा व्हाइस प्रेसिडेंट म्हणून शपथ घेतो. इथे बरेच जण 'बिचारा मनाविरुद्ध ओढला गेला' असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका, लगेच २१ मार्च १८६१ चं जॉर्जियातल्या सव्हाना शहरातलं भाषण काढा. त्यात तो स्पष्ट म्हणतो की नव्या सरकारची कोनशिलाच ही आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था. भांडण फुटायचं की नाही यावर होतं, गुलामीवर नव्हतंच.

आता त्याच्यासमोर १८६८ ते १८७० मध्ये आलेलं त्याचं दोन खंडांचं पुस्तक ठेवा. तिथे युद्ध गुलामीसाठी नव्हतंच, राज्यांचे हक्क आणि केंद्राची सत्ता यांचं भांडण होतं असा सूर आहे, आणि सव्हानाच्या भाषणाबद्दल तर त्याने १८६५ लाच तुरुंगातल्या डायरीत लिहिलं होतं की रिपोर्टरने ते नीट टिपलं नाही. दोन्ही बाजू मांडा, पण दक्षिण हरण्याआधीच्या शब्दाला जास्त वजन द्या असं मला ठामपणे वाटतं. खात्री करायची तर जॉर्जियाने जानेवारी १८६१ मध्ये काढलेलं फुटण्याच्या कारणांचं जाहीरपत्र वाचा, गुलामीचा विषय सुरुवातीलाच येतो.

मग नकाशा घ्या. दक्षिणेचं सरकार व्हर्जिनियातल्या रिचमंडला आणि हा बराच काळ जॉर्जियातल्या क्रॉफर्डव्हिलला स्वतःच्या घरी! एप्रिल १८६२ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली, हेबियस कॉर्पस (अटक झालेल्याला कोर्टासमोर आणायला लावण्याचा हक्क) स्थगित झालं, तेव्हा हा डेव्हिसच्या विरोधात गेला, जॉर्जियाचा गव्हर्नर जोसेफ ब्राऊन आणि धाकटा भाऊ लिंटन सोबतीला, आणि मार्च १८६४ मध्ये राज्याच्या विधिमंडळासमोर जाऊन त्याने आपल्याच सरकारवर टीका केली. हा भाग सावकाश वाचा. गोऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी एवढा जीव तोडून बोलणारा हा माणूस स्वतः गुलाम बाळगून होता, त्याच घरात. त्यांचा उल्लेख तुमच्या टिपणात आला नाही तर ते टिपण अर्धवट समजा.

शेवटच्या टप्प्यात दोन तारखा पुरेत. ३ फेब्रुवारी १८६५ ला व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन रोड्सला 'रिव्हर क्वीन' बोटीवर लिंकनशी युद्ध थांबवायची बोलणी झाली, १८४० च्या दशकात दोघे काँग्रेसमध्ये (अमेरिकेच्या संसदेत) एकाच व्हिग पक्षात होते, तरी हाती काही लागलं नाही. मग ११ मे ला अटक आणि बॉस्टनच्या बंदरातला फोर्ट वॉरन हा तुरुंग, ऑक्टोबरमध्ये सुटका. पुढे तो परत काँग्रेसमध्ये गेला, जॉर्जियाचा गव्हर्नर झाला, १८८३ मध्ये पदावर असतानाच वारला, पण त्यासाठी वेगळी वही करा, युद्धाच्या वर्षांत ते मिसळू नका.