गळका ब्रेक पाइप घरच्या घरी कसा बदलावा

पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा ओला डाग दिसला, तेव्हा आधी वाटलं वरच्यांच्या एसीचं पाणी असेल. बोट लावून पाहिलं. पाण्यापेक्षा बुळबुळीत, इंजिन ऑइलपेक्षा पातळ. गाडी १९७८ ची पद्मिनी, डाग मागच्या डाव्या चाकाच्या जरा आतल्या बाजूला. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली आणि पेडल रोजच्यापेक्षा दोन बोटं जास्त आत जाणारं. म्हणजे निदान झालंच.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे गाडीची किल्ली घरात नेऊन ठेवणं. "गॅरेज कोपऱ्यावरच आहे, हळू नेऊ" हा विचार डोक्यातून काढा. माझ्या गाडीत एकच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणारा) आणि एकच सर्किट आहे, म्हणजे चारही चाकांचे पाइप एकमेकांना जोडलेले. जुन्या बऱ्याच गाड्यांत तसंच असतं. कुठलाही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. उरतो तो केबलवरचा हँडब्रेक, आणि तो फक्त मागच्या दोन चाकांना लागतो.

आणखी एक. आजवर ब्रेकचा ड्रम कधी उघडलेला नसेल, एअर, म्हणजे पाइपात शिरलेली हवा, कशी काढतात ते पाहिलेलं नसेल, तर पहिल्या वेळी ओळखीच्या मेकॅनिकला घरी बोलवा आणि शेजारी बसून बघा. त्यात कमीपणा काही नाही.

गळती नक्की कुठे?

ओलं दिसलं म्हणून लगेच पाइपला दोष देऊ नका. टायरची आतली बाजू आणि ड्रमची मागची प्लेट ओली असेल, तर बहुधा व्हील सिलिंडरचे, म्हणजे चाकातल्या ब्रेक सिलिंडरचे, रबर कप गेलेत. ते काम वेगळं. काळपट, घट्ट आणि गंधकासारखा घाण वास असेल तर ते डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं, गिअर ऑइल. शॉक अॅब्सॉर्बरच्या अंगावरून ओघळ असेल तर त्याचं तेल. सगळा भाग पाण्याने धुऊन कोरडा करा, मग कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात पाइपवरून नजर फिरवा.

माझा पाइप मागच्या अॅक्सलवर, नेमका क्लिपखाली सडला होता. बहुतेकदा तिथेच सडतो. पावसाळ्यातला चिखल क्लिप आणि पाइप यांच्या फटीत बसतो, दिवाळीपर्यंत ओला राहतो आणि पत्रा खातो. वरून गंजाचा नुसता फोड दिसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला की त्यातून थेंब येतो.

गळका भाग कापून मध्ये पितळी जोड टाकायचा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मलाही मिळाला, तोही दोघांकडून. ऐकू नका. टायरमध्ये आपण २८-३० ची हवा भरतो. जोरात ब्रेक मारला की या बारीक नळीत त्याच मापाने १००० च्या वर दाब जातो. एका जागी सडलेला पाइप बाकीच्या लांबीत ठणठणीत आहे असं मानायला काहीच आधार नसतो. सोल्डरचा डाग देणं, रबरी नळी चढवून क्लॅम्प आवळणं, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणं हे सगळं नळाच्या कामाला ठीक. ब्रेकला एका नटापासून दुसऱ्या नटापर्यंत अख्खा पाइप नवा टाकायचा.

सामान

पाइप ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिलिमीटर बाहेरच्या मापाचा. स्टीलचा घ्या किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा. दुसरा गंजत नाही आणि हाताने वळतो. नुसत्या तांब्याची, फ्रिजवाल्यांकडची नळी मात्र नको. कंपनाने ती कडक होते आणि एक दिवस चिरते.

नट घेताना सावध. मेट्रिक गाड्यांत बहुधा १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) आटा असतो. इंग्लिश गाड्यांत ३/८ इंचाचा, इंचाला २४ आटे असलेला. दोन्ही शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटतात. इंची नट मेट्रिक भोकात दोन-तीन आटे आनंदाने जातो, सैल बसतो आणि दाब आला की सुटतो. म्हणून पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना जुना पाइप दोन्ही नटांसकट, वळणांसकट न्या. तिथला पहिला प्रश्नच "साहेब, सँपल आणलंय का?" असा असतो. सँपल नसेल तर पुढचं बोलणं थांबतं, आणि ते बरोबरच आहे.

याशिवाय फ्लेअरिंगचा सेट (पाइपचं टोक पसरवून त्याला फ्लेअर, म्हणजे नटाखाली घट्ट बसणारं तोंड, मारायचं हत्यार), छोटा पाइप कटर, फ्लेअर नटचा पाना (रिंग पान्याला पाइप जाण्यापुरती खाच असते तो), दोन जॅक स्टँड, पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणि डोळ्यांना चष्मा. पाना-पकड रविवार पेठेत बोहरी आळीत मिळून जाते. फ्लेअरिंग सेट विकत घ्यायचा नसेल तर नवा पाइप सँपलप्रमाणे बनवून देणारी दुकानंही असतात. तो सरळ मार्ग आहे.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. 'ऑइल' या नावाने आपल्याकडे फार घोटाळे केलेत. हे खनिज तेल नव्हेच, ग्लायकॉलवर आधारलेला द्रव आहे. त्यात चुकून चमचाभर इंजिन ऑइल गेलं तरी सगळे रबर कप फुगून निकामी होतात. पाइप आतून पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुण्याची सवयही त्याच जातीची. धुवायचंच असेल तर ब्रेक क्लीनर वापरा. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. आणि मागच्या वर्षीचा अर्धा उघडा डबा टाकून द्या, कारण हा द्रव हवेतलं पाणी पितो. कोरडं डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. दिवे घाटात उतरताना ड्रम तापतात, तेव्हा हा फरक पायाला कळतो.

गाडी उचलणं

गाडी सपाट जागी. मागची बाजू उचलायची असेल तर हँडब्रेक आणि गिअर या दोन्हींचा उपयोग शून्य, कारण दोन्ही मागचीच चाकं धरतात आणि ती हवेत असतात. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. विटा नकोत, फुटतात. गाडी अॅक्सलखाली जॅक स्टँडवर टेकवा आणि खाली शिरण्याआधी बंपरला धरून चांगली हलवून बघा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

पाइप सोडवण्याआधी एक युक्ती. पेडल इंचभर दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये काठी अडकवा. मास्टर सिलिंडरमधलं बारीक छिद्र बंद होतं आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल सगळं खाली गळत नाही.

जुना नट

या कामातली खरी लढाई इथे आहे. फ्लेअर मारणं, पाइप वळवणं हे सरावाने येतं. पंचेचाळीस वर्षं गंजलेला नट मात्र माणसाची परीक्षा बघतो.

आदल्या रात्री वायर ब्रशने आट्यांच्या तोंडाशी साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा. ड्रमच्या आत, लायनरवर (ड्रमला घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यांवर) तो उडता कामा नये. सकाळी परत मारा. मग फ्लेअर नटचाच पाना लावा. साध्या फिक्स पान्याने नटाच्या कडा गोल होतात, आणि कडा एकदा गेल्या की व्हाइस ग्रिप आणि शिव्या एवढंच उरतं. टीच्या, म्हणजे पाइपांना फाटा देणाऱ्या जोडाच्या, बाजूचा माझा नट हलला, पण नटाबरोबर पाइपही पिळायला लागला. एरवी घाम फुटला असता. पण पाइप फेकायचाच होता, म्हणून नटाला लागून पाइप सरळ कापला आणि वरून सहा कोनी सॉकेट पूर्ण बसवला. एक "कट्" असा आवाज आला. पहिल्यांदा वाटलं नट तुटला. तो सुटला होता. अॅक्सल गरम करायला ब्लो टॉर्च मात्र आणू नका, ब्रेक ऑइल पेटतं.

बॉडीकडून अॅक्सलकडे येणारा रबरी होज सोडवताना त्याचं टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तो पिळतो. त्यावर चिरा दिसत असतील तर याच फेरीत बदला. जुना होज आतून फुगला तर ऑइल जाऊ देतो, परत येऊ देत नाही, आणि ब्रेक धरून बसतात. उघड्या टोकांना रबरी टोप्या घाला.

नवा पाइप

आधी जाड बाइंडिंग वायर जुन्या पाइपच्या वळणांप्रमाणे वाकवा. तो नमुना. लांबी त्यावरून मोजा आणि फ्लेअरसाठी थोडी वाढवा. हॅक्सॉने कापू नका, कीस आत जातो. कटर हळूहळू आवळत फिरवा. आतली धार काढा, बाहेरची कड कानशीने किंचित मारा, फुंकर मारून साफ करा.

आणि आता नट पाइपवर ओवा. तोंड योग्य दिशेला आहे ना, बघा. मी पहिल्या टोकाला सुरेख फ्लेअर मारला, दुसऱ्या टोकालाही मारला, आणि दोन्ही नट बाकावर माझ्याकडे बघत बसले होते.

फ्लेअर कुठला मारायचा ते जुनं टोक सांगतं. तोंड नरसाळ्यासारखं उघडं आणि धातू आत दुमडलेला असेल तर डबल फ्लेअर. ज्या भोकात तो बसतो, तिथे आत उंचवटा असतो. टोक बाहेरून गोलसर फुगलेलं असेल तर बबल फ्लेअर. त्याचं भोक आतून खोलगट असतं. एकाच्या जागी दुसरा बसवला तर नट कितीही आवळा, गळणारच. डबल फ्लेअरसाठी पाइप साच्यात पकडा, अडॅप्टरच्या खांद्याच्या उंचीइतका बाहेर ठेवा, टोकाला ब्रेक ऑइलचा थेंब लावा, अडॅप्टर पूर्ण टेकेपर्यंत दाबा, काढा आणि मग शंकूने दाबा. भिंग घेऊन बघा. चीर किंवा एका बाजूला झुकलेलं तोंड दिसलं तर कापून पुन्हा. चांगल्या पाइपवर हात लावण्याआधी तुकड्यांवर चार-पाच फ्लेअर मारून बघा. माझे पहिले तीन फुकट गेले.

वळवताना बेंडर वापरा, नाहीतर जाड बुशभोवती अंगठ्याने हळू वळवा. नळी चपटली तर तो तुकडा बाद. बसवताना दोन्ही नट आधी बोटांनी, चार-पाच आटे विनासायास जाईपर्यंत फिरवा. पाना त्यानंतर. पाइप सायलेन्सरला किंवा पाट्यांना घासत नाही हे बघून क्लिपा लावा आणि क्लिपखाली रबराची पट्टी घाला.

एअर काढणं

याला दुसरा माणूस लागतो. माझा पुतण्या गाडीत, मी खाली. क्रम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला (चाकामागच्या हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी, तिचं टोक ब्रेक ऑइल घेतलेल्या बाटलीत बुडवलेलं.

"दाब." पुतण्या दाबतो. मी निपल पाव फेरा सोडतो, बुडबुडे येतात.

"काका, पेडल खाली गेलं!"

"धर. सोडू नकोस." निपल बंद. "आता सोड."

पेडल खाली असताना निपल उघडं ठेवून पाय उचलला की हवा परत आत. दर पाच-सहा वेळा टाकी भरा. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. आणि पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग वर्षानुवर्षं न वापरल्याने खडबडीत झालेला असतो. पिस्टन तिथवर गेला की चांगला कप फाटतो, आणि एका पाइपच्या कामाची दोन कामं होतात.

बुडबुडे थांबल्यावरही पेडल स्पंजसारखं लागलं तर आत हवा आहे. पेडल खोल जातं पण तिथे दगडासारखं कडक लागतं, तर ती हवा नव्हे, लायनर ड्रमपासून लांब आहेत. ते अॅडजस्ट करा. या दोन्हींत गफलत करून लोक तासभर एअर काढत बसतात.

रंगावर ऑइल सांडलं असेल तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका. रंग उठतो.

तपासणी

दोन्ही सांधे कोरडे पुसून त्यांवर टाल्कम पावडर मारा. पुतण्याला मिनिटभर पूर्ण जोर लावून पेडल धरायला सांगा. पावडर ओली झाली नाही, पेडल हळूहळू बसलं नाही, तरच चाकं खाली टेकवा. इंजिन चालू करून पार्किंगमध्येच, पायी चालण्याच्या वेगाने चार-पाचदा ब्रेक मारा. मग रविवारी पहाटे मोकळ्या गल्लीत. सिंहगड, कात्रज त्या आठवड्यात नको. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

आठ दिवस रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. आठही सकाळी कोरडं निघालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एवढंच विचारलं, "फरशीवरचा डाग कधी जाणार?" शहाबादीत मुरलेला डाग आहे. आता गाडी त्याच्यावरच लावतो.