जीटीए ५ मध्ये पाण्याखालचा कचरा शोधताय? आधी डॉक घ्या

जीटीए ५ या व्हिडिओ गेमच्या स्टोरी मोडमध्ये (एकट्याने खेळायच्या कथेत) समुद्रात न्यूक्लिअर वेस्टचे (अणुकचऱ्याचे) ३० डबे आहेत पण नुसतं पोहत शोधायला जाऊ नका, अख्खा समुद्र पालथा घालूनही हाती काही लागत नाही. आधी गेमच्या नकाशातल्या पॅलेटो कोव्हजवळचं सोनार कलेक्शन्स डॉक (बोटींचा धक्का) विकत घ्या, गेममधले २,५०,००० डॉलर लागतात, जास्त वाटतात खरे पण एका डब्याचे २३,००० मिळतात म्हणजे ११ डब्यांत पैसे वसूल आणि पुढचं सगळं नफ्यात!

डॉक घेतलं की गेममधल्या फोनमध्ये डबा कुठे आहे ते ठिपक्याने दाखवणारं ट्रॅकिफाय ॲप येतं, पाणबुडीही मिळते. ॲप उघडं ठेवा, ठिपका कुठल्या दिशेला दिसतोय तिकडे आधी वर-वरच पाणबुडी न्या आणि ठिपका मधोमध आला की मगच सरळ खाली उतरा, तिरकं खाली गेलात तर खडकांत अडकता आणि दिशा पण चुकते. मला हेच कळायला फार वेळ लागला.

शार्क असतात म्हणून उगाच पाणबुडीतून बाहेर पडू नका. आणि हो, अधूनमधून सेव्ह करत रहा.