मॉडेड माइनक्राफ्टची सुरुवात: कुठलं यंत्र आधी, कुठलं नंतर

साध्या माइनक्राफ्टमध्ये हिऱ्याची कुदळ हातात आली की अर्धा गेम झाल्यासारखा वाटतो. टेक्नॉलॉजीचे मॉड, म्हणजे गेममध्ये नवीन यंत्रं आणणारी खेळाडूंनी बनवलेली भर, टाकले की तीच कुदळ नुसतं सुरुवातीचं सामान ठरते. यंत्रांची यादी संपता संपत नाही, प्रत्येक मॉडचा धातू वेगळा, ऊर्जा वेगळी. ऐरोली-घणसोलीतल्या मित्रांचा आमचा एक छोटा सर्व्हर आहे, शनिवारी रात्री चालतो. त्यावर नवीन आलेला मुलगा हमखास विचारतो, "दादा, हिरे मिळाले, आता कुठलं मशीन बनवू?" त्याला उलटा प्रश्न जातो, "आत्ता तुझा सगळ्यात जास्त वेळ कशात जातोय?" ज्या कामात वेळ जातो ते काम कमी करणारं यंत्र आधी. बाकी सगळी नंतर, ती दिसायला कितीही भारी असली तरी.

आता क्रमाने बघू.

गेम उघडण्याआधी

हे मॉड कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनसाठी असतात. फोनवरच्या बेडरॉक एडिशनचं जग वेगळं, तिथे यातलं जवळपास काही चालणार नाही. मॉडपॅक, म्हणजे अनेक मॉडचा तयार संच, निवडताना आधी स्वतःच्या मशीनची रॅम बघा. मोठे पॅक एकट्या गेमसाठी ६ ते ८ जीबी मागतात. म्हणजे एकूण ८ जीबीच्या लॅपटॉपवर शेकडो मॉडचा पॅक टाकला तर गेमपेक्षा लोडिंगचा पडदाच जास्त दिसेल. अशा लॅपटॉपवर 'क्रिएट' हा मॉड आणि सोबत चार-पाच मॉड एवढंच ठेवा, मजा कमी होत नाही. माइनक्राफ्ट विकत घ्यायचं नसेल तर लुआंटी हा तसाच गेम फुकट आहे (२०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं). त्यावरच्या 'टेक्निक' मॉडमध्ये कमी, मध्यम आणि उच्च दाबाची वीज अशा पायऱ्या आहेत. पुढे सांगितलेला बराचसा विचार तिथेही लागू पडतो.

आणखी एक. आमच्याकडे दुरुस्तीसाठी अधूनमधून शुक्रवारी लाईट जाते, आणि डेस्कटॉपला इन्व्हर्टर प्रत्येकाकडे नसतो. गेम चालू असताना मशीन बंद पडलं तर वर्ल्ड खराब होऊ शकतं. सेव्ह्जच्या फोल्डरमधलं तुमचं वर्ल्ड दर एक-दोन दिवसांनी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

रेसिपी उलटीकडून वाचा

जवळपास प्रत्येक पॅकमध्ये 'जस्ट इनफ आयटम्स' म्हणजे जेईआय असतो. वस्तूवर माउस नेऊन 'आर' दाबलं की ती कशी बनते ते दिसतं, 'यू' दाबलं की ती कशाकशात लागते ते दिसतं, 'ए' दाबलं की ती बाजूला खूण करून ठेवली जाते. नवीन खेळाडू 'आर' वापरतात आणि 'यू' विसरतात. एखादा अनोळखी धातू सापडला की टाकून देण्याआधी 'यू' दाबायची सवय लावा.

प्लॅनिंग मात्र वहीत करा. खरंच, कागदावर. मेकॅनिझम मॉडमधली खनिज वाढवणारी एनरिचमेंट चेंबर हवी आहे असं धरा. तिला लागतं स्टील केसिंग. केसिंगला लागतं चार स्टील, काच आणि ऑस्मियम नावाचा धातू. स्टील थेट भट्टीतून येत नाही. मेटलर्जिक इन्फ्युझर नावाच्या यंत्रात लोखंडात दोनदा कार्बन मिसळायचा, मग त्याची पूड भट्टीत वितळवायची. कार्बन कोळशातून येतो, एका स्टीलला दोन कोळसे. म्हणजे चार स्टीलला चार लोखंड आणि आठ कोळसे. शिवाय चेंबरला कंट्रोल सर्किट लागतात, तीही त्याच इन्फ्युझरमध्ये ऑस्मियम आणि रेडस्टोनपासून बनतात. इन्फ्युझर चालवायला एक हीट जनरेटर लागतो. सगळं मांडल्यावर लक्षात येतं की डझनभर लोखंड, अर्धा डझन ऑस्मियम, मूठभर रेडस्टोन आणि थोडा कोळसा एवढ्यात काम होतं. डोंगराएवढं वाटणारं काम खाणीच्या एका फेरीत बसतं. पॅक बनवणारे रेसिपी बदलतात, त्यामुळे आकडे आपल्या जेईआयमधूनच घ्या. पद्धत तीच राहते: हव्या असलेल्या वस्तूपासून सुरुवात करून मागे मागे दगड-कोळशापर्यंत या.

खाणीत उतरताना 'एफ-३' दाबून वाय आकडा, म्हणजे तुमची उंची, बघत राहा. १.१८ आवृत्तीपासून जगाचा तळ उणे ६४ वर गेला. तेव्हापासून लोखंड वाय १६ च्या आसपास, तांबं ४८ च्या आसपास आणि हिरे-रेडस्टोन तळाशी उणे ५९ जवळ जास्त मिळतात. जुने व्हिडिओ बघून वाय ११ वर हिरे शोधणारे अजून भेटतात.

एक मुख्य मॉड निवडा, बाकीच्यांकडे पाठ फिरवा

सुरुवातीचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. क्रिएट, मेकॅनिझम, इमर्सिव्ह इंजिनिअरिंग, थर्मल या चौघांकडेही भट्टी, खनिज दळणं आणि वाहतुकीची आपापली सोय असते. चारही एकदम सुरू केले की चार ठिकाणी अर्धवट यंत्रं उभी राहतात आणि लोखंड सगळ्यांत वाटलं जातं. स्टील किंवा पितळ हाताशी भरपूर येईपर्यंत एकच मॉड धरा.

कुठला? मला विचाराल तर पहिल्यांदा खेळणाऱ्याने क्रिएट घ्यावं. त्यात सगळं डोळ्यांसमोर फिरतं, त्यामुळे काय अडलंय ते दिसतं. मेकॅनिझमच्या डब्यात नुसती पट्टी भरताना दिसते. मोठ्या कारखान्याकडे लवकर पोचायची घाई असेल तर मेकॅनिझमच बरं, हेही मान्य.

ऊर्जा: आधी हिशेब, मग यंत्र

क्रिएटमध्ये सुरुवात अँडेसाइट अलॉयपासून होते. अँडेसाइटचे दगड आणि लोखंडाचे नगेट, एवढंच लागतं. एका इनगॉटचे, म्हणजे धातूच्या विटेचे, नऊ नगेट होतात, त्यामुळे लोखंड फार खर्च होत नाही. अँडेसाइट मात्र भरमसाट लागतं, म्हणून खाणीत दिसेल तेवढं उचला. नेहमी फेकून द्यायची सवय असलेला हाच दगड इथे सोन्यासारखा जपावा लागतो.

आता पाणचक्की. छोटं चाक ८ आरपीएमने, म्हणजे मिनिटाला आठ फेऱ्यांनी, फिरतं आणि २५६ एसयू, म्हणजे स्ट्रेस युनिट, इतका भार पेलतं. धातूचे पत्रे ठोकणारा मेकॅनिकल प्रेस दर आरपीएमला ८ एसयू खातो. म्हणजे ८ आरपीएमवर एक प्रेस ६४ खाणार आणि एका चाकावर चार प्रेस आरामात चालणार. मग कुणीतरी मोठा दातेरी गिअर छोट्याला लावून वेग दुप्पट करतो. वेग १६, एका प्रेसचा भार १२८, आणि त्याच चाकावर आता दोनच प्रेस चालतात. तिसरा जोडला की तो एकटाच थांबत नाही, अख्खी साखळी थांबते. चाक, पट्टा, प्रेस सगळं जागच्या जागी. नवख्याला वाटतं बग आहे. इंजिनिअरचा गॉगल घालून प्रेसकडे बघितलं की भार किती आणि चाकाकडे बघितलं की क्षमता किती ते आकड्यात दिसतं. तो गॉगल पहिल्या तासातच बनवून टाका.

याच्या उलट गंमत मिक्सरची. मिक्सर किमान ३० आरपीएमशिवाय हलत नाही. पाणचक्कीच्या ८ वर तो ढिम्म. वेग दोनदा दुप्पट करून ३२ वर न्या, तेव्हा तो १२८ एसयू घेतो, म्हणजे चाकाची निम्मी ताकद. म्हणून मिक्सरला वेगळं चाक द्या आणि प्रेस हळूच चालू द्या. तांबं आणि जस्ताचं पितळ करायला त्याच मिक्सरखाली ब्लेझ बर्नर लागतो. त्यासाठी नेदरमध्ये, म्हणजे गेममधल्या आगीच्या दुसऱ्या जगात, जाऊन रिकाम्या बर्नरमध्ये ब्लेझ नावाचा तिथला राक्षस पकडून आणावा लागतो. म्हणजे पितळाची वेळ आली की नेदरची तयारी करा, आधी गरज नाही.

इतर मॉडमध्ये हिशेब असाच, फक्त एकक बदलतं. यंत्र किती खातं आणि जनरेटर किती देतो हे दोन आकडे जेईआयच्या आसपास कुठेतरी असतातच.

साठवण लवकर

नवीन खेळाडूचा वेळ कशात जातो हे बाजूला बसून बघितलंत तर खाणकाम दुसऱ्या नंबरवर येतं. पहिला नंबर चेस्ट उघडून शोधत बसण्याचा. "अरे, तांबं कुठे ठेवलंस?" "त्या लाल घराच्या मागच्या चेस्टमध्ये." "तिथे नाहीये रे."

म्हणून पहिल्या यंत्राच्या आधीच स्टोरेज ड्रॉवर्स बनवा, पॅकमध्ये असतील तर. एका साध्या एककप्पी ड्रॉवरमध्ये एकाच वस्तूचे ३२ स्टॅक (गठ्ठे) मावतात, आणि समोर चित्र दिसतं. दगड, अँडेसाइट, लोखंड, तांबं, कोळसा, रेडस्टोन. एवढे सहा ड्रॉवर भिंतीत बसवा. उजवं क्लिक दोनदा केलं की खिशातला तो सगळा माल आत जातो.

अप्लाइड एनर्जिस्टिक्सचं डिजिटल स्टोरेज सगळ्यांना खुणावतं. ते चांगलंच आहे, पण सुरुवातीला नको. साध्या केबलवर आठच चॅनल (जोडण्या) मिळतात, माल साठवणाऱ्या एका सेलमध्ये वस्तूंचे ६३ च प्रकार बसतात, आणि ते सगळं समजून घेताना बाकीचा कारखाना उपाशी राहतो.

भट्टी चालू ठेवून निघून गेलात तर

इमर्सिव्ह इंजिनिअरिंगमध्ये स्टीलची वाट कोक ओव्हनमधून जाते. २७ कोक विटांचा ३ बाय ३ बाय ३ ठोकळा रचायचा, बाजूच्या मधल्या विटेवर इंजिनिअरच्या हातोडीने क्लिक करायचं, की ओव्हन तयार. आत कोळसा टाका, कोक बाहेर येतो. एका कोळशाला दीड मिनिट. ६४ चा स्टॅक म्हणजे ९६ मिनिटं! इतका वेळ तिथे उभं राहणं शक्यच नाही. पुढे ब्लास्ट फर्नेसला नेदरच्या विटा लागतात, त्यामुळे साहजिकच सुचतं की ओव्हन पेटवून नेदरला जाऊन यावं.

परत येऊन बघावं तर कोळसा जवळपास जसाच्या तसा. कारण गेम तुमच्या आसपासचाच भाग जागा ठेवतो. १६ बाय १६ चा एकेक चंक तुम्ही दूर गेलात की झोपतो, आणि त्यातली भट्टीही. यावर उपाय दोन. पॅकमध्ये एफटीबी चंक्स असेल तर त्याच्या नकाशावर ओव्हनचा चंक आपल्या नावावर करून त्याला 'फोर्स लोड' करा. नसेल तर दोन-तीन ओव्हन बांधा आणि घराजवळची कामं, म्हणजे शेती, ड्रॉवर, भिंती, त्या वेळात उरका. सर्व्हरवर खेळत असाल तर सगळ्यांनीच सगळे चंक जागे ठेवू नका, लॅग येतो आणि मग भांडणं होतात.

'एफ-३' आणि 'जी' एकत्र दाबलं की चंकच्या सीमा रेषांमध्ये दिसतात. एकमेकांना जोडलेली यंत्रं शक्यतो एकाच चंकमध्ये बसवा. निम्मी साखळी जागी आणि निम्मी झोपलेली, असं झालं की दोष शोधता शोधता संध्याकाळ जाते.

खनिज दुप्पट करण्याची घाई नको

सगळे व्हिडिओ सांगतात, आधी खनिज दुप्पट करणारं यंत्र बनवा. माझं मत वेगळं आहे. फॉर्च्युन ३ नावाची जादू असलेली कुदळ एका खनिजातून सरासरी २.२ कच्चे तुकडे देते, तेही विजेशिवाय. त्यासाठी एन्चांटिंग टेबल, पुस्तकांची पंधरा कपाटं आणि तीस लेव्हल लागतात, शिवाय थोडं नशीब. कपाटांतल्या पुस्तकांसाठी चामडं बरंच लागतं, म्हणून गाई पहिल्या दिवसापासून पाळा.

आणि नव्या आवृत्तीतल्या मेकॅनिझमची एनरिचमेंट चेंबर कच्च्या तुकड्यांना दुप्पट करतच नाही: तीन तुकड्यांची चार पूड होते. दुप्पट होतं ते सिल्क टच या दुसऱ्या जादूने अख्खा खनिजाचा ठोकळा आणला तर. फॉर्च्युनने २.२ तुकडे आणून चेंबरमध्ये टाकले तर ठोकळ्यामागे साधारण २.९ पूड पडते. म्हणजे कुदळ आधी, चेंबर नंतर आणि सिल्क टच या कामासाठी नकोच.

जागा आधीच पाडून ठेवा

नवी मुंबईचं काम १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे आलं. नोड, सेक्टर, रस्ते आधी कागदावर आखले गेले, वस्ती मागून आली. आमच्या सर्व्हरवर हीच पद्धत चालते, नावंही तीच. सेक्टर १ भट्ट्या, सेक्टर २ साठवण, सेक्टर ३ वीज, आणि मध्ये तीन ठोकळे रुंद मोकळा रस्ता. तो रस्ता रिकामा बघवत नाही, तिथे एखादा ड्रॉवर ठेवावासा वाटतो. ठेवू नका. पुढे पाइप आणि केबल तिथूनच जायच्या आहेत, आणि आज भिंतीला चिकटवलेलं यंत्र उद्या मागच्या बाजूने जोडायला लागतं.

दुसरा मॉड कधी?

खूण सोपी आहे. स्टीलचा किंवा पितळाचा ड्रॉवर तुम्ही काढता त्यापेक्षा जास्त वेगाने भरायला लागला, आणि खाणीतून आल्यावर माल टाकायला मिनिटभरही लागत नाही, की पहिल्या मॉडचं काम झालं. तेव्हा नेदरमधलं क्वार्ट्झ आणून ठेवा, ते जवळपास प्रत्येक पुढच्या मॉडला लागतं. मग वहीचं नवीन पान काढा, वर हव्या असलेल्या यंत्राचं नाव लिहा आणि जेईआयमध्ये 'आर' दाबा.