भोंग्याच्या फोनोचं साल ठरवताय? या चुका टाळा

जुना फोनो, म्हणजे चावीनं चालणारं गाणी वाजवायचं यंत्र, समोर आला की नजर आधी भोंग्याकडे जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पोचा पडला की भोंगा बदलायचा, हे तेव्हाही चालायचंच. म्हणून तो शेवटी बघा.

आधी यंत्र नळकांडं (गोल दांड्यासारखी रेकॉर्ड) वाजवतं की तबकडी, ते पाहा. एडिसनचं यंत्र नळकांड्याचं असेल तर पुढचा प्रश्न: दोन मिनिटांचं की चार? एडिसनची चार मिनिटांची अँबेरॉल नळकांडी 1908 मध्ये आली. त्यांवर इंचाला खाचेचे 200 वेढे, आधीच्यांवर 100. यंत्रात दोन्हींची सोय दिसली म्हणून ते 1908 नंतरचंच असं मात्र नाही. जुन्या यंत्रांना नंतर जोडायचे गिअरही विकले जात.

सगळ्यात जास्त फसवते ती पेटंटची पाटी. पाटीवर 1898 वाचलं की लोक यंत्राचा जन्म 1898 चा ठरवून मोकळे होतात. ती तारीख पेटंटची असते. पाटीवरच्या शेवटच्या तारखेआधी ही पाटी बनलेली नाही, एवढाच तिचा अर्थ. यंत्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेलं असू शकतं. अनुक्रमांक जास्त कामाचा, पण मॉडेलचं नाव पक्कं झाल्यावरच. एडिसनच्या ‘होम’ मॉडेलचा आकडा ‘स्टँडर्ड’ मॉडेलच्या यादीत शोधाल तर भलतंच साल हाती येईल.

झळझळीत पितळी भोंगा, अष्टकोनी पेटी आणि वर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या कुत्र्याचं चित्र असं एकत्र दिसलं, की मी आधी तबकडीची थाळी उचलतो. खाली बहुधा हातात न्यायच्या पेटीफोनोची मोटर निघते, म्हणजे कितीतरी नंतरची. कडेला बुजवलेली भोकं, नवे स्क्रू, आतून कोरं लाकूड, ही नंतर जुळवलेल्या नकलेची लक्षणं. लेबल काय, कुणीही चिकटवतं. गंमत म्हणजे चित्रकार फ्रान्सिस बॅरोच्या मूळ चित्रात तो कुत्रा नळकांड्याच्या फोनोसमोर बसला होता; तबकडीचं यंत्र 1899 मध्ये त्यावर रंगवलं गेलं.

यंत्रासोबत मिळालेल्या तबकडीवरूनही साल काढू नका. विजेच्या मायक्रोफोननं केलेली रेकॉर्डिंग 1925 पासून बाजारात आली, आणि ती जुन्या चावीच्या यंत्रांवरही सर्रास वाजत.

आवाज फाटतो, खरखरतो म्हणून साउंडबॉक्स, म्हणजे सुईच्या थरथरीतून आवाज काढणारी डबी, फेकू नका. अभ्रकाच्या चकतीभोवतीचं रबर दगडासारखं कडक झालेलं असतं, बहुतेक वेळा दोष तेवढाच. रबर बदला, डबी जपा. साल ओळखायला तीही लागते.

पुसापुशीत घाई नको. पेटीवरचं एडिसनचं नाव उजळावं म्हणून मी एकदा स्पिरिटचा बोळा फिरवला. पॉलिश चपड्याचं होतं. अर्धी अक्षरं बोळ्यावर आली आणि लाकडावर ‘सन’ तेवढं उरलं. आता आधी कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, ओलसर कापडाचं टोक लावून बघतो.

आणि वाजवून बघायची हौस असेल तर आधी रीप्रोड्यूसरवरचं (एडिसनच्या नळकांड्याच्या यंत्रातली तशीच डबी) अक्षर वाचा. ‘सी’ दोन मिनिटांचा, ‘एच’ चार मिनिटांचा, ‘के’ दोन्हींसाठी फिरवता येतो. ‘सी’ची जाड सुई मेणाच्या चार मिनिटांच्या नळकांड्यावर टेकवलीत, तर बारीक खाच पहिल्याच फेरीत खरवडून निघेल.