नळाच्या पाण्यातील चिरस्थायी रसायने: अहवाल वाचण्यापासून फिल्टरच्या देखभालीपर्यंत

शहराच्या नळाच्या पाण्यात पीएफएएस गटातील रसायने, म्हणजेच ‘फॉरेव्हर केमिकल्स’, आढळल्याची बातमी आली की लोक आधी फिल्टर शोधू लागतात. वास्तविक आधी शोधायला हवा तो पाण्याचा तपासणी अहवाल. या गटात हजारो मानवनिर्मित संयुगे मोडतात. त्यांच्यातील कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट असतो की ती निसर्गात सहजी विघटित होत नाहीत आणि अग्निशमनाचा फेस, न चिकटणाऱ्या भांड्यांचा लेप किंवा जलरोधक कापड यांच्या निर्मितीतून व वापरातून बाहेर पडून भूजलात आणि नद्यांत साचत राहतात. पीएफओए हे त्यांतील संयुग मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केले.

अहवाल पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेकडे मागावा, आणि तो हाती आल्यावर प्रथम एकक पाहावे. काही ठिकाणी आकडे नॅनोग्रॅममध्ये, तर काही ठिकाणी मायक्रोग्रॅममध्ये दिलेले असतात; ०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे १०० नॅनोग्रॅम, त्यामुळे लहान दिसणारा आकडा प्रत्यक्षात मोठा असू शकतो. अमेरिकेने २०२४ मध्ये पीएफओए आणि याच गटातील पीएफओएस हे दुसरे संयुग यांच्यासाठी प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा ठरवली, तर युरोपीय संघाने २० ठरावीक संयुगांच्या एकत्रित प्रमाणासाठी १०० नॅनोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा घातली आहे. ‘आढळले नाही’ या शेऱ्याने मात्र लगेच निश्चिंत होऊ नये, कारण प्रयोगशाळेची मोजण्याची किमान मर्यादाच २० नॅनोग्रॅम असेल, तर ४ नॅनोग्रॅमच्या निकषाबद्दल तो शेरा काहीच सांगत नाही.

अहवाल मिळत नसेल, तर या तपासणीची सोय असलेल्या प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घ्यावा. नमुन्याची बाटली तिच्याचकडून घ्यावी, कारण नळाच्या जोडाला गुंडाळलेल्या टेफ्लॉनच्या पट्टीसारख्या वस्तूंमुळेही इतके सूक्ष्म मोजमाप बिघडू शकते. घरचा टीडीएस मीटर येथे निरुपयोगी आहे: तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा मिलिग्रॅममध्ये अंदाज देतो, आणि नॅनोग्रॅम हा मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग आहे.

पाणी उकळल्याने ही रसायने नष्ट होत नाहीत. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण किंचित वाढते. क्लोरीन आणि घरगुती अतिनील दिवा यांचाही त्यांच्यावर परिणाम होत नाही. घरात मुख्य पर्याय दोन: आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) आणि सक्रिय कार्बन. आरओचा पडदा कार्बन अणूंच्या लांब आणि आखूड अशा दोन्ही साखळ्यांची बहुतेक संयुगे अडवतो, मात्र त्यात बरेच पाणी वाया जाते. शिवाय यंत्राला टीडीएस कंट्रोलर असेल, तर चवीसाठी तो आरओतून न गेलेले पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो आणि त्याबरोबर ही रसायनेही परत येऊ शकतात, म्हणून तो बंद ठेवावा. सक्रिय कार्बन स्वस्त पडतो. तथापि आखूड साखळीची संयुगे त्यातून लवकर निसटतात, आणि कार्ट्रिज भरून गेल्यावरही वापरत राहिल्यास अडकलेली रसायने पाण्यात परत सुटू शकतात. चवीत किंवा वासात यातले काहीच जाणवत नसल्याने कार्ट्रिज उत्पादकाने सांगितलेल्या लिटर-मर्यादेनुसारच बदलावे, आणि खरेदी करताना वेष्टनावर पीएफओए व पीएफओएस कमी करण्याचे स्वतंत्र प्रमाणन आहे का, हे पाहावे.

सगळ्या घराचे पाणी गाळण्याची गरज सहसा पडत नाही. त्वचेवाटे ही रसायने फार कमी शोषली जात असल्याने आंघोळ, कपडे आणि भांडी यांसाठी नळाचे पाणी चालते. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी मात्र गाळलेलेच असावे. बाळाचे भुकटीचे दूध कालवण्याचे पाणी तर अवश्य, कारण वजनाच्या मानाने बाळाच्या पोटात जाणारे पाणी सर्वाधिक असते. फिल्टर बसवल्यावर त्यातून आलेल्या पाण्याची एकदा तपासणी करून घ्यावी, आणि नळाच्या पाण्यातील प्रमाण फार जास्त असेल, तर ती कार्ट्रिजची मुदत संपण्याच्या सुमारास पुन्हा करावी.