पेनड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झाले: माझा अनुभव

राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून घरी आलो आणि पेनड्राइव्हमधल्या प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागला. मुलीचा विद्यापीठाचा प्रोजेक्ट त्यातच होता.

शॉर्टकट डिलीट केले, दुसरा कोरा पेनड्राइव्ह लावून पाहिला. दहा मिनिटांत तेच. तीन संध्याकाळी यात गेल्या, अक्षरशः रडकुंडीला आलो.

चूक अशी की मी पेनड्राइव्हच साफ करत होतो. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी लपलेली स्क्रिप्ट (व्हायरसचा छोटा प्रोग्राम) चालते, मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून शंकाच येत नाही. तोवर कॉम्प्युटरला लागण झालेली असते. म्हणून आधी कॉम्प्युटर.

पेनड्राइव्ह काढून ठेवा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडून आधी अपडेट करा. मग स्कॅन ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडा. उघडी कामं सेव्ह करा, कारण मशीन रीस्टार्ट होतं. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे स्क्रिप्टला लपायला जागा नसते. नंतर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये अनोळखी 'स्क्रिप्ट होस्ट' (अशा स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) असेल तर डिसेबल करा.

आता पेनड्राइव्ह लावा, पण उघडू नका. राइट क्लिक करून स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यूमध्ये हिडन फाइल्स दाखवा आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. खरे फोल्डर फिकट दिसतील. फक्त ओळखीच्या फाइल कॉपी करा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, खूण परत लावा.

प्रोजेक्ट पूर्ण मिळाला. आता प्रिंटसाठी फाइल ईमेलनेच पाठवतो.